आकडे समोर दिसतात, तरी बेरीज शून्य: शीटमधली नेहमीची गडबड आणि तिचा इलाज

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की एक तक्रार ठरलेली. पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्यांचे, आकडे शीटमध्ये (एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये) भरलेत, खाली बेरजेचं सूत्र लावलंय, आणि उत्तर येतंय शून्य. कधी शून्य नसतं, पण वहीतल्या बेरजेपेक्षा कमी असतं, आणि ते जास्त वाईट. मग दिवाणजी कॅल्क्युलेटर काढतात आणि कम्प्युटरच्या नावानं बोटं मोडत वही पुन्हा टेबलावर येते. हेच दुखणं तासगावच्या बेदाण्याच्या हिशोबात, पतसंस्थेच्या यादीत आणि ऊस वाहतुकीच्या खेपांतही निघतं, फक्त तक्रारीचे शब्द बदलतात. तारीख उलटली. खाते नंबरचा शेवटचा आकडा बदलला. सातबारा डिसेंबरात गेला. दरवेळी नवा बिघाड झाल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट असते: सेलमध्ये दिसतंय एक आणि साठलंय दुसरंच.

तेवढं कळायला फार शब्द लागत नाहीत. उभी पट्टी म्हणजे कॉलम, आडवी ओळ म्हणजे रो, दोन्ही जिथं छेदतात तो चौकोन म्हणजे सेल. सी कॉलम आणि दुसरी ओळ, म्हणून सेलचा पत्ता सी२. सी२ पासून सी४० पर्यंतचा सलग पट्टा म्हणजे रेंज. सेलमधली गोष्ट कशी दाखवायची हे ठरवतो तो फॉरमॅट. आणि शीटच्या वर जी लांब पांढरी पट्टी असते, ती फॉर्म्युला बार. नवशिक्यांचं तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि माझ्या मते शिकवायला सुरुवात तिथूनच करायला हवी. सेलवर क्लिक केलं की आत काय साठलंय ते बहुतेक वेळा ती पट्टी सांगते.

एक सूचना आधीच देतो. मी सूत्रं देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना फंक्शनचं नाव, पत्ता आणि अंक इंग्रजीतच टाका.

शून्य बेरीज

सूत्राला हात लावायच्या आधी आकड्यांचा कॉलम माउसनं निवडा आणि खिडकीच्या अगदी खालच्या पट्टीकडे बघा. तिथं ‘सम’ (म्हणजे बेरीज) दिसत असेल तर निवडलेल्यात काही तरी संख्या आहेत. नुसतं ‘काउंट’ दिसत असेल तर शीटच्या लेखी तुमचे सगळे आकडे मजकूर आहेत, नावगाव लिहावं तसे. दुसरी खूण म्हणजे बाजू. अलाइनमेंट हातानं बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. एक्सेलमध्ये अशा मजकुरी आकड्याच्या कोपऱ्यात बहुधा छोटा हिरवा त्रिकोणही येतो. तो कचरा समजून दुर्लक्षिला जातो. त्यावर क्लिक केलं तर ‘कन्व्हर्ट टू नंबर’ हा पर्याय तिथंच असतो.

गमतीचा भाग असा की =सी२+सी३ असं लिहिलं तर अनेकदा उत्तर बरोबर येतं, आणि =सम(सी२:सी३) लिहिलं तर शून्य. कारण अधिकचं चिन्ह मजकुरातून संख्या काढायचा प्रयत्न करतं. सम मात्र रेंजमधला मजकूर गुपचूप सोडून देतं, कुठं तक्रार करत नाही. त्यामुळे चाळीस ओळींत तीनच आकडे मजकूर असतील तर सदतिसांची बेरीज येते आणि ती बरोबरच वाटते. ती पकडायला कॉलमखाली दोन सूत्रं ठेवा: =काउंट(सी२:सी४०) आणि =काउंटए(सी२:सी४०). पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेला कोणताही सेल. दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर जेवढा फरक, तेवढे सेल बेरजेतून सुटलेत. पैशाच्या प्रत्येक कॉलमखाली ही जोडी हवीच, असा माझा आग्रह असतो.

आता आकडा मजकूर होतोच कसा? आपल्याकडे पहिलं कारण म्हणजे हाताला लागलेली सवय. पावतीवर आपण ५००/- लिहितो, पुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून. शीटमध्ये तसंच टाइप केलं की ती रक्कम राहत नाही. ‘१२ क्विंटल’, ‘४५० रु.’, ‘८ पोती’ यांचंही तेच. इलाज सोपा आहे: कॉलम निवडा, कंट्रोल आणि एच दाबा, शोधायच्या जागी /- टाका, बदलायच्या जागी काहीच टाकू नका, आणि ‘रिप्लेस ऑल’ करा. मग ‘रु.’ आणि ‘क्विंटल’साठी पुन्हा तेच. सेलचा फॉरमॅट ‘जनरल’ असेल तर चिन्ह गेल्या गेल्या आकडा उडी मारून उजवीकडे जातो.

आणि क्विंटल दिसायलाच हवं असेल तर तेही जमतं. कंट्रोल आणि १ दाबून फॉरमॅट सेल्स उघडा, कस्टममध्ये जा आणि ०.००" क्विंटल" असं लिहा, शून्यं इंग्रजी. सेलमध्ये फक्त १२ टाइप करायचं. दिसेल १२.०० क्विंटल, साठेल १२, आणि बेरीज बिनबोभाट होईल. दिसणं आणि असणं वेगळं असल्याचा इथं उलट फायदाच होतो.

दुसरं कारण, कुणीतरी आधी त्या कॉलमचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवलेला असतो. तुम्ही तो बदलून ‘नंबर’ करता आणि काहीच होत नाही, म्हणून वैतागता. एक्सेलमध्ये फॉरमॅट बदलल्यानं आधीच साठलेला मजकूर संख्या होत नाही, तो आकडा पुन्हा आत जावा लागतो. दोन-चार सेल असतील तर एफ२ आणि एंटर. शेकडो असतील तर कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि काहीही न बदलता थेट ‘फिनिश’ दाबा. नाव वेगळंच असलं तरी या कामाला यासारखं हत्यार नाही. फक्त एका वेळी एकच कॉलम घेतं.

तिसरं कारण डोळ्याला दिसत नाही. वेबपानावरून किंवा कुणी पाठवलेल्या यादीतून आकडे चिकटवले की त्यांच्या मागे एक रिकामी जागा येते, आणि ती साधी स्पेस नसून न तुटणारी स्पेस असते. तिचा क्रमांक १६०. जादा स्पेस काढणारं ट्रिम हे फंक्शन तिला हात लावत नाही. आधी =लेन(सी२) लिहून बघा: दिसतात चार अंक आणि उत्तर पाच आलं, तर चोर सापडला. मग शेजारच्या कॉलममध्ये =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(सी२,कॅर(१६०),"")) लिहून खाली ओढा (कॅर म्हणजे इंग्रजीत CHAR).

फोनवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून भरलेले देवनागरी अंक हा चौथा घोळ. असा सेल संख्या म्हणून धरला गेलाय का, हे =इझनंबर(सी२) लगेच सांगतं: ‘ट्रू’ आलं तर ठीक. ‘फॉल्स’ आलं तर शोधा-बदला वापरून शून्य ते नऊ असे दहा अंक एकेक करून इंग्रजी करावे लागतात. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण शीटमध्ये नावं मराठीत आणि अंक इंग्रजीत, हाच नियम सोयीचा.

यातलं काहीच नसून शून्य येत असेल तर सूत्राची रेंज बघा. सी४१ मध्ये बसलेलं सूत्र सी२ ते सी४१ ची बेरीज मागत असेल तर ते स्वतःलाच मोजायला निघालंय. उघडताना ‘सर्क्युलर रेफरन्स’ची सूचना येते आणि आपण ती न वाचता ओके दाबतो.

सातबारा डिसेंबरात जातो तेव्हा

सेलमध्ये ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. भारतीय तारखेची सेटिंग असेल तर ७ डिसेंबर होतं, अमेरिकन असेल तर १२ जुलै. गट नंबर १२/३ चा १२ मार्च होतो. २/४५ टाकलंत तर ४५ साल समजून फेब्रुवारी महिना होतो. ऊस नोंदीच्या याद्यांत हे हमखास घडतं.

इथं फॉर्म्युला बारही पूर्ण मदत करत नाही, कारण तोही तारीखच दाखवतो. आत साठलेली असते एक संख्या. एक्सेल दिवस मोजतं, १ जानेवारी १९०० ला १ धरून. २०२५ साली टाइप केलेला सातबारा आत ४५९९८ झालेला असतो, म्हणून घाबरून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला की हा पाच अंकी आकडा समोर येतो आणि लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. झालेली नसते. (जाता जाता: एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. लोटस वन-टू-थ्री या जुन्या शीट-प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक जाणूनबुजून ठेवली गेली, ती आजही आहे.)

भरायच्या आधी कॉलम निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा, किंवा गट नंबरआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका: '१२/३. ते सेलमध्ये दिसत नाही, फक्त हे मजकूर आहे असं शीटला सांगतं. बिघडून गेलेल्या नंबरांपैकी १२/३ सारखे =डे(बी२)&"/"&मंथ(बी२) या सूत्रानं परत मिळतात, अमेरिकन सेटिंग असेल तर डे आणि मंथची अदलाबदल करून. २/४५ सारखे मात्र हातानंच दुरुस्त करावे लागतात. आणि हे आपल्यालाच छळतं असं नाही. मार्च१ आणि सेप्ट१ अशा नावांची मानवी जनुकं शीटमध्ये तारखा व्हायची, म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० साली ती नावंच बदलून टाकली. शास्त्रज्ञांनी नाव बदललं. सातबाऱ्याचं नाव बदलणं आपल्याला जमणार नाही, तेव्हा अवतरणचिन्ह लावा.

खऱ्या तारखांचा घोळ याहून चिवट असतो. अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर २५/०४/२०२५ टाकलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणून डावीकडे पडतं. पण ०३/०४/२०२५ आनंदानं ४ मार्च होतं आणि उजवीकडे जातं. कॉलममधल्या अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे दिसल्या की समजा हेच झालंय, आणि खरी चिंता उजवीकडच्यांची करा. डावीकडच्या निदान आपण चुकलोय म्हणून ओरडतात. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेल’ इंडिया करा, एक्सेलसाठी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये बदल करा, आणि मग उजवीकडच्या तारखा मूळ कागदावरून पुन्हा भरा.

एकर आणि गुंठे: इथं शीट चुकत नाही

ही चूक शीट कधीच दाखवणार नाही. हिरवा त्रिकोण येणार नाही, आकडे उजवीकडेच असतील, काउंट जुळेल. आणि तरी बेरीज चुकलेली असेल.

आपण बोलताना आणि लिहितानाही सव्वीस गुंठ्यांचं क्षेत्र ०.२६ आणि एक एकर पंचवीस गुंठे १.२५ असं मांडतो. शीटला यातलं एकर-गुंठे माहीत नाही. त्याच्या लेखी १.२५ म्हणजे सव्वा. दोन तुकडे आहेत, दोन्ही १.२५. शीट सांगतं २.५०, आपण वाचतो दोन एकर पन्नास गुंठे. पण एकराला चाळीस गुंठे. खरं उत्तर तीन एकर दहा गुंठे. आणि कुणी त्या २.५० ला अडीच एकर म्हणून पुढच्या हिशोबात घेतलं, तर तीस गुंठे जागच्या जागी गायब. भाऊबंदकीत वाद व्हायला एवढं पुरतं.

आणखी एक उपद्रव: एक एकर वीस गुंठे म्हणून १.२० टाइप केलं की शीट शेवटचं शून्य टाकून १.२ दाखवतं. मग कुणी एक एकर दोन गुंठे वाचतो. फॉरमॅट ०.०० केल्यानं ते दिसायला नीट होतं, बेरीज मात्र तशीच चुकीची राहते.

यावर एकच खात्रीचा उपाय: एकराचा कॉलम वेगळा, गुंठ्यांचा वेगळा. समजा बी मध्ये एकर आणि सी मध्ये गुंठे. डी२ मध्ये =बी२*४०+सी२ लिहा, हे झाले एकूण गुंठे. ते खाली ओढा, तळाला डी ची बेरीज करा. ती डी४१ मध्ये असेल तर एकर =इन्ट(डी४१/४०) आणि उरलेले गुंठे =मॉड(डी४१,४०). वरचं उदाहरण घातलं तर ६५ अधिक ६५, १३० गुंठे, म्हणजे ३ एकर १० गुंठे. एकरी टनेज काढायचं असेल तर भागाकार डी४१/४० नं करा, इन्ट न लावता, म्हणजे सव्वातीन.

हेक्टर-आरमध्ये हा त्रास नाही, कारण हेक्टरला आर शंभर. ०.४० अधिक ०.८० बरोबर १.२०, म्हणजे एक हेक्टर वीस आर. तिथं फक्त शेवटचं शून्य दिसावं म्हणून ०.०० फॉरमॅट ठेवा, नाहीतर ०.४ ला चार आर वाचलं जातं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं, तेव्हा माझं मत विचाराल तर शीटही त्यातच ठेवा आणि एकर-गुंठे बोलण्यापुरते राहू द्या.

मजुरांच्या तासांचं दुखणं याच्याच जवळचं. ८:०० असे चार दिवस मिळवले की उत्तर ८:०० येतं, ३२ नाही, कारण साधा वेळेचा फॉरमॅट चोवीस तास भरले की पुन्हा शून्यापासून मोजतो. आत ३२ तासच असतात. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचं इंग्रजी एच हे अक्षर चौकटी कंसात घातलं की ३२:०० दिसतं.

खाते नंबर

बँकेचा खाते नंबर ही संख्या नाही. तो कुणी मिळवत नाही, वजा करत नाही. तो नावासारखा आहे, म्हणून त्याचा कॉलम भरायच्या आधीच ‘टेक्स्ट’ करायचा. आकडे संख्याच ठेवा या वरच्या सल्ल्याच्या इथं नेमकं उलट, गट नंबरासारखंच.

नाही केला तर तीन गोष्टी होतात. सुरुवातीचं शून्य जातं. बारा अंकी आधार नंबर एक्सेलमध्ये १.२३४५७ई+११ असा दिसतो. हे फक्त दिसण्यापुरतं असतं, फॉरमॅट ‘नंबर’ करून दशांश शून्य केले की सगळे अंक परत येतात. तिसरी गोष्ट मात्र परत न येणारी: एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक सांभाळतं. सोळा अंकी नंबर टाकला की सोळाव्या जागी शून्य बसतं आणि मूळ अंक कायमचा जातो. नंतर टेक्स्ट करून, अनडू करून, फाइल पुन्हा उघडून उपयोग नाही. यादीतले सगळे सोळा अंकी नंबर शून्यानं संपत असतील तर पैसे पाठवायच्या आधी थांबा आणि मूळ पासबुकं मागवा.

बँकेकडून किंवा पोर्टलवरून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साध्या मजकुराची यादी) डबल क्लिक करून उघडली तरी हेच होतं, कारण सीएसव्हीमध्ये फॉरमॅट साठतच नाही. ती डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’नं आणा आणि त्या कॉलमला तिथंच टेक्स्ट ठरवा. आयएफएससी कोडचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, तिथं ओ अक्षर पडलेलं नाही ना तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

रुपयाचा फरक

तीन ओळींत हमाली १००, १००, १०० दिसते आणि खाली बेरीज ३०१. आत प्रत्येकी १००.४० आहेत, फॉरमॅटनं पैसे झाकलेत, बेरीज ३०१.२० ची झाली. पट्टीवर रक्कम पूर्ण रुपयात देता ना? मग ओळीच्या सूत्रालाच =राउंड(बी२*सी२,०) असं गुंडाळा, म्हणजे जे दिसतं तेच साठतं. एक्सेलच्या सेटिंगमध्ये ‘सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड’ नावाचा सोपा वाटणारा पर्याय आहे. तो पूर्ण फाइलमधले झाकलेले दशांश कायमचे उडवतो. त्याच्या नादाला लागू नका.

उरलेलं थोडक्यात. सेलभर ##### आलं तर बहुधा कॉलम अरुंद आहे, कडेवर डबल क्लिक करा. फिल्टर लावल्यावरही बेरीज बदलत नसेल तर सम लपलेल्या ओळीही मोजतंय, त्याऐवजी =सबटोटल(९,सी२:सी४०) लिहा. उत्तराऐवजी सूत्रच दिसत असेल तर बहुधा तो सेल टेक्स्ट आहे. जनरल करून एफ२ आणि एंटर. आकडा बदलला तरी उत्तर जुनंच राहत असेल तर फॉर्म्युला टॅबमध्ये ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ मॅन्युअलवर गेलंय, ते ऑटोमॅटिक करा. हे सेटिंग सगळ्यात आधी उघडलेल्या फाइलकडून येतं, त्यामुळे दुसऱ्याच कुणाच्या फाइलनं तुमचा हिशोब गोठवलेला असू शकतो.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं, तर स्क्रीनचा फोटो पाठवून "सर, बघा ना जरा" म्हणू नका. फोटोत फक्त दिसणारा आकडा येतो, साठलेला येत नाही. फाइल पाठवा. खाते नंबर आणि नावं असतील तर प्रत काढून ती पुसा, बिघडलेल्या दहा-पंधरा ओळी ठेवल्या तरी पुरतात. फोटोच पाठवायचा असेल तर आधी बिघडलेल्या सेलवर क्लिक करा आणि वरचा फॉर्म्युला बार, खालची पट्टी दोन्ही फोटोत येतील असं बघा.